जर्नलमध्ये एररला जागा द्या!

तुमचं प्रॅक्टिकलचं जर्नल जरा आठवून बघा. कुठल्याही विषयाचं चालेल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. कॉम्प्युटरचं असेल तर उद्देश, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट आणि खाली सरांची सही. आता सांगा, त्या अख्ख्या जर्नलमध्ये एक तरी प्रयोग फसलाय का? प्रोग्राम चालला नाही, असं एका तरी पानावर लिहिलंय? शक्यच नाही. आपल्या जर्नलमध्ये गुरुत्वाकर्षणाचं उत्तर कायम ९.८ च्या आसपास येतं, टायट्रेशनची तिन्ही रीडिंग्ज जुळ्या भावंडांसारखी दिसतात आणि प्रत्येक प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतो. कागदोपत्री बघितलं तर आपण सगळेच जगातले सगळ्यात भारी प्रोग्रामर आहोत.

मग हेच भारी प्रोग्रामर पहिल्यांदा एखादी सायंटिफिक लायब्ररी स्वतःच्या लॅपटॉपवर सोर्सपासून बिल्ड करायला बसतात. टर्मिनलवर दोनशे ओळी सरसर धावत जातात, मध्ये मध्ये लाल अक्षरं चमकतात आणि सगळं थांबतं. दहाव्या मिनिटाला लॅपटॉप मिटतो. ‘जाऊ दे यार, हे आपलं काम नाही.’

माझं म्हणणं एवढंच आहे की, हे ‘आपलं काम नाही’ वगैरे काही नसतं. एरर कशी वाचायची हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आणि जोवर जर्नलमध्ये एररला जागा नाही आणि तिला मार्क नाहीत, तोवर ते कुणी शिकवणारही नाही.

मास कॉमवाली इथे कशी?

रास्त प्रश्न आहे. मी शिकते मास कॉम, सध्या इंटर्नशिप करते आणि माझं कोडिंगशी दूरचंही नातं नाही. पण माझी रूममेट एमएस्सी करते आणि तिचा प्रोजेक्ट पावसावर आहे. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशभरातल्या रोजच्या पावसाचा डेटा मिळतो. अख्ख्या देशावर पाव अंशाच्या चौकोनांची जाळी टाकायची, म्हणजे एक चौकोन साधारण २५ ते २८ किलोमीटरचा, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशी किती पाऊस पडला ते लिहायचं. हा डेटा ‘नेटसीडीएफ’ नावाच्या फॉरमॅटमध्येही मिळतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही. ती वाचायला प्रोग्रामला नेटसीडीएफचीच लायब्ररी लागते.

इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तर आधी कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेल्या कामांचा संच. फाइल उघड, आकडे काढ, फाइल बंद कर, अशी कामं. आपला प्रोग्राम ती हाक मारून करून घेतो. नेटसीडीएफ अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डरमधल्या युनिडेटा या केंद्रात तयार झाली आणि हवामानाच्या अभ्यासात ती जगभर वापरतात. रूममेटच्या सीनियरने दिलेला प्रोग्राम फोरट्रानमध्ये होता. ही आयबीएमने १९५७ साली बाजारात आणलेली भाषा. आपल्या आजोबांच्या वयाची! पण हवामानाची कितीतरी मॉडेल्स आजही तिच्यातच चालतात.

आता तुम्ही म्हणाल, तयार लायब्ररी डाउनलोड करायची आणि मोकळं व्हायचं. खूपदा तसं करताही येतं आणि येत असेल तर जरूर करावं. पण कधी हवी ती आवृत्ती तयार मिळत नाही. कधी काम मोठ्या सामायिक मशिनवर असतं. पुण्यात पाषाणला आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्युष’ महासंगणक सुरू झाला. अशा मशिनवर साध्या युजरला हवं ते इन्स्टॉल करायची मुभा नसते. तिथे जे लागेल ते आपल्या फोल्डरमध्ये आपणच बांधायचं. आणि फोरट्रानची आणखी एक खोड आहे. लायब्ररी एका आवृत्तीच्या कंपायलरने बांधलेली असेल आणि तुमचा प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीने बांधत असाल, तर कंपायलर कधी कधी सरळ सांगतो, ही मॉड्युल फाइल दुसऱ्या आवृत्तीने बनवली आहे, मला वाचता येत नाही.

म्हणून सोर्सपासून बांधायचं. आणि एकटी नेटसीडीएफ बांधून भागत नाही. ती मडक्यांची उतरंड आहे. तळाला डेटा दाबून लहान करणारी झेडलिब, तिच्यावर एचडीएफ५, तिच्यावर नेटसीडीएफची सी लायब्ररी, तिच्यावर नेटसीडीएफ-फोरट्रान आणि अगदी वरच्या टोकाला आपला प्रोग्राम. खालचं एक मडकं तडकलेलं असेल तर वरच्यांना दोष देऊन काय होणार?

सूचना मात्र तीनच असतात. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. म्हणजे आधी मशिनची पाहणी, मग बांधकाम, मग सामान जागेवर लावणं. सीनियरच्या पीडीएफमध्येही तीनच ओळी होत्या. या तीन ओळींमध्ये रूममेटच्या तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या रात्री मेसमधून परत येताना ती म्हणाली, ‘प्रोजेक्टचा विषय बदलते. सर्व्हे वगैरे घेते काहीतरी.’ पावसावर काम करायला गाव सोडून पुण्यात आलेली मुलगी पावसाचा विषय सोडायला निघाली होती आणि कारण काय, तर टर्मिनलवरची काही वाक्यं तिला रागावल्यासारखी वाटत होती.

शेवटची ओळ काहीच सांगत नाही

आम्ही दोघी शेजारी बसलो. मला फोरट्रान येत नाही, पण बातमी वाचता येते. आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात: काय, कुठे, कधी, कोण, का आणि कसं. एरर त्या नजरेने बघितली की गंमत कळते. कंपायलर ‘कुठे’ अगदी चोख सांगतो. फाइलचं नाव, ओळीचा नंबर, अगदी कितवं अक्षर तेसुद्धा. ‘काय’ बऱ्यापैकी सांगतो. ‘का’ मात्र सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं. पण सहापैकी दोन उत्तरं आयती हातात असताना कुठला बातमीदार घरी जाऊन झोपेल?

पहिली गोष्ट, शेवटच्या ओळीकडे बघू नका. सगळे जण तिचाच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात, ‘मेक: एरर २, हेल्प!’ त्या ओळीचा अर्थ इतकाच की, खाली कुठेतरी काम अडलं म्हणून मीही थांबलो. खरी बातमी वर असते. वर जात जात जी पहिली एरर सापडेल, ती वाचायची. कारण एक कंस राहिला की कंपायलर पुढच्या पन्नास ओळींबद्दल तक्रार करतो. त्या पन्नास ओळी दुरुस्त करत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पहिली दुरुस्त करा, बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात.

दुसरी गोष्ट, घाई कमी करा. बांधकाम लवकर व्हावं म्हणून लोक मेकला एकाच वेळी आठ-आठ कामं लावतात. मग आठ जणांचं बोलणं स्क्रीनवर एकात एक मिसळतं. अडलं की एकेक काम लावून पुन्हा चालवा आणि सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा. आणि पायरी कॉन्फिगरची असेल तर स्क्रीनवर नुसतं ‘सी कंपायलरला प्रोग्राम बनवता येत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी दिसतं. कंपायलर तर समोर आहे! खरं कारण त्याच फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग डॉट लॉग’ फाइलमध्ये पडलेलं असतं. ती फाइल उघडायची असते, हेच कितीतरी जणांना माहीत नसतं.

कधी कधी तर चूक तुमचीही नसते आणि कोडचीही नसते. सी-प्लस-प्लसची मोठी लायब्ररी बांधताना मध्येच नुसतं ‘किल्ड’ असं येतं. म्हणजे कमी रॅमच्या लॅपटॉपवर एकदम इतकी कामं लावली की मेमरी संपली आणि सिस्टिमने कंपायलरलाच बाहेर काढलं. कामं कमी करा, वेळ जास्त लागेल, पण होईल. घरी साधा लॅपटॉप असलेल्या मुलाने हे ‘आपल्याला येत नाही’च्या खात्यात का टाकावं?

मेसचा बोर्ड आणि स्वयंपाकघर

एरर दिसायला हजार प्रकारच्या असतात, पण नवख्याला छळणाऱ्या मोठ्या जाती तीनच. त्या रूममेटने मला समजावल्या आणि मी माझ्या भाषेत मेसवर बेतल्या. लायब्ररीचे दोन भाग असतात. एक हेडर फाइल. तो मेसबाहेरचा बोर्ड. आज काय काय आहे आणि ऑर्डर कशी द्यायची एवढंच त्यावर लिहिलेलं. दुसरा भाग खरी लायब्ररी, म्हणजे आतलं स्वयंपाकघर.

पहिली जात: बोर्डच सापडत नाही. ‘नेटसीडीएफ डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. आपण म्हणतो, अरे, मी तर इन्स्टॉल केलंय! केलेलं असतंच. पण उबुंटूवर लायब्ररीची दोन पॅकेजेस असतात. एक नुसतं वापरण्यापुरतं आणि दुसरं, नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेलं, बांधकामासाठी. बोर्ड त्या दुसऱ्यात असतो. ते टाका, नाहीतर बोर्ड कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता कंपायलरला द्या.

दुसरी जात: बोर्ड वाचला, ऑर्डर दिली, पण स्वयंपाकघरात तो पदार्थच नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. ही तक्रार कंपायलरची नसते. ती त्यानंतर सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरची असते. इथे लोक आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! प्रोग्राम ठीक असतो. लायब्ररीचं नाव द्यायचं राहिलेलं असतं, किंवा दिलेलं असतं पण क्रम चुकलेला असतो. आधी मागणारा, मग देणारा, असा क्रम लागतो. नेटसीडीएफ-फोरट्रानसोबत ‘एनएफ-कॉन्फिग’ नावाची छोटी कमांड येते. तिला विचारलं की जोडणीसाठी काय काय लिहायचं ते ती स्वतःच सांगते.

तिसरी जात: सगळं बांधून झालं, पार्टी झाली आणि प्रोग्राम चालवताना ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’. लायब्ररी मशिनवरच असते, पण प्रोग्राम सुरू करणारा लोडर ठरलेल्या जागांवरच शोधतो आणि आपण ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. काखेत कळसा, गावाला वळसा. इथे पुन्हा बांधकाम करायची अजिबात गरज नसते. फक्त पत्ता सांगायचा असतो.

बघा, तिन्हींची लक्षणं वेगळी, उपायही वेगळे. आणि तिन्ही वेळा घाबरलेला विद्यार्थी एकच उपाय करतो. फोल्डर डिलीट करतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

काल चालत होतं, आज का नाही?

रूममेटची एरर यातली नव्हती. तिची जास्त भारी निघाली. पहिली ओळ शोधल्यावर कळलं की, एकाच सबरुटीनला एका ठिकाणी एका प्रकारची माहिती दिली होती आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळ्या प्रकारची. एकीकडे पूर्णांक, दुसरीकडे दशांशाचा आकडा. ‘टाइप मिसमॅच’. पण हे तर लायब्ररीचंच कोड! तिने त्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. शिवाय सीनियरकडे तेच कोड बिनबोभाट चाललं होतं.

दोघंही खरं बोलत होते. मधल्या काळात कंपायलर बदलला होता. जीसीसी हा फुकट मिळणारा कंपायलर संच. त्याची दहावी आवृत्ती मे २०२० मध्ये आली. जुन्या फोरट्रान कोडमधली ही सवय नियमात कधीच बसत नव्हती, पण तोवर कंपायलर त्यावर अडून बसत नसे. दहाव्या आवृत्तीपासून त्याने तिला एरर म्हणायला सुरुवात केली. रोजच्या बसमध्ये नवा कंडक्टर यावा आणि त्याने पहिल्या दिवसापासून पास तपासावेत, तसं झालं. पास कालही नव्हता, फक्त कुणी विचारत नव्हतं. नेटसीडीएफ-फोरट्रानच्या जुन्या आवृत्त्या आणि आणखी बऱ्याच नावाजलेल्या लायब्ऱ्या तेव्हा यात अडकल्या. तिला मिळालेल्या फोल्डरमध्ये तशीच जुनी आवृत्ती होती.

यावर दोन उपाय होते. एक, कंपायलरला एक खास फ्लॅग द्यायचा, की बाबा, ही विसंगती चालवून घे. मग एररची नुसती वॉर्निंग होते आणि काम पुढे जातं. दोन, लायब्ररीची नवी आवृत्ती आणायची. नेटवर पहिलं उत्तर फ्लॅगचं मिळतं, कारण ते एका ओळीत बसतं. पण जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये त्याच फ्लॅगबद्दल स्पष्ट म्हटलंय की, तो वापरू नये हेच बरं. कधी दुसरा मार्गच नसतो, तेव्हा वापरावा लागतो, मान्य. पण आपण कंपायलरला नक्की काय दुर्लक्षित करायला सांगितलं, हे माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे. रूममेटने नवी आवृत्ती बांधली. चौथ्या संध्याकाळी पाऊस स्क्रीनवर आला.

खरी भीती शांततेची

एररची भीती वाटणाऱ्यांना मला एक गोष्ट सांगायचीय. एरर येणं ही चांगली बातमी आहे. वाईट बातमी म्हणजे एरर न येता चुकीचं उत्तर येणं.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या संशोधकांनी एक गोष्ट उघड केली. रेणूंच्या रचनेच्या अभ्यासात बऱ्याच जणांनी वापरलेली एक पायथन स्क्रिप्ट ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की वेगळं उत्तर देत होती. कारण साधं होतं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइल्स एका विशिष्ट क्रमाने येतील असं धरून चालली होती आणि तो क्रम सगळ्या सिस्टिम्सवर सारखा नसतो. कुठेही लाल अक्षर नाही, वॉर्निंग नाही. आकडे छान, सुबक आणि चुकीचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही स्क्रिप्ट इतकी वर्षं वापरात होती.

म्हणून लायब्ररी बांधून झाली की ‘मेक इन्स्टॉल’च्या आधी ‘मेक चेक’ चालवतात. लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच चाचण्या सोबत दिलेल्या असतात. उत्तर माहीत असलेली गणितं तुमच्या मशिनवर सोडवून बघायची. शितावरून भाताची परीक्षा. या पायरीला जेमतेम काही मिनिटं लागतात, पण घाईच्या पीडीएफमध्ये ती सहसा नसते. ज्या डेटावरून उद्या कुणीतरी एखाद्या तालुक्यातल्या दुष्काळाबद्दल लिहिणार आहे, तो वाचणारी लायब्ररी धड बांधली गेली का, हे न बघता पुढे जायचं? नुसतं ‘चाललं बाबा एकदाचं’ एवढ्यावर?

‘एआयला विचारलं की झालं’

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. विचारा की! मीही विचारते. पण काय विचारणार? ‘मेक एरर २’ एवढंच टाकलं तर एआयसुद्धा दहा अंदाज सांगेल आणि तुम्ही दहाही करून बघाल. त्यातल्या चौथ्या उपायाने पाचव्याची वाट लागेल. पहिली एरर कुठली, कंपायलरची आवृत्ती कोणती, कुठली कमांड दिली होती, हे सांगितलं तर उत्तर कामाचं मिळतं. म्हणजे एआयकडे जायच्या आधीही एरर वाचता यावीच लागते. शिवाय त्याने ‘हा फ्लॅग टाका’ म्हटल्यावर तो टाकावा की नाही, हे ठरवणारे तुम्हीच. रिपोर्टखाली नाव तुमचं आहे.

दुसरा मुद्दा इंग्रजीचा. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं, एरर कळत नाही म्हणजे आपलं इंग्रजी कच्चं. जरा थांबा. कंपायलरचं इंग्रजी फार छोटं असतं. मिसिंग, अनडिफाइन्ड, एक्स्पेक्टेड, मिसमॅच, कॅनॉट फाइंड, अशा वीस-पंचवीस शब्दांत बरंचसं भागतं. त्यात ना अलंकार, ना टोमणे. माझ्या कॉपीवर डेस्कवरून येणारे शेरे त्यापेक्षा कितीतरी अवघड असतात!

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सध्या एररचं ज्ञान तोंडी चालतं. सीनियरला माहीत असतं, दादाला माहीत असतं, हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी माहीत असतं. ज्याला विचारायला माणूस आहे तो तरतो. ज्याच्या घरात कॉलेजला जाणारा तो पहिलाच आहे, जी रोज दीड तास एसटीने ये-जा करते, ज्यांना बॉइज हॉस्टेलमध्ये रात्री अकराला जाऊन विचारता येत नाही, त्या विषय बदलतात. आपण मग म्हणतो, त्यांना आवड नव्हती. आवड होती हो. वाट लिहून ठेवलेली नव्हती.

पतंग चिकटवलेलं पान

आता जर्नलकडे येऊ. ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क टू नावाचा अवाढव्य संगणक बिघडला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. उडवायचा नव्हे, दिव्याभोवती फिरणारा कीटक. तिथल्या माणसांनी तो काढून फेकून दिला नाही. त्यांनी तो सरळ कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला, शेजारी वेळ टाकली आणि खरोखरचा ‘बग’ सापडल्याची गमतीशीर नोंद केली. बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती, म्हणून तर तो विनोद. ते पान आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. त्या दिवशी मशिनने कुठली गणितं बरोबर सोडवली, ते कुणाला आठवत नाही. बिघाडाचं पान मात्र जपून ठेवलंय.

आपल्याकडे हे पान एक्स्टर्नलच्या आधी फाडून टाकलं असतं. ‘जर्नल घाण दिसतं.’

म्हणून माझी मागणी साधी आहे. कॉम्प्युटरच्या प्रत्येक प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुटच्या आधी एक रकाना असावा: अडचण. त्यात चार ओळी. पहिली एरर जशीच्या तशी. ती आली तेव्हा कंपायलरची आवृत्ती आणि दिलेली कमांड. आपला अंदाज काय होता. आणि शेवटी कारण काय निघालं. याला थोडे मार्क द्या, दोन-तीन का होईना. एरर आलीच नाही, तर ‘मेक चेक’सारखी काय चाचणी केली ते लिहा. सेमिस्टरमध्ये एकदा तरी तयार मशिनवर न बसवता एखादी छोटी लायब्ररी सोर्सपासून बांधायला लावा. झेडलिब घ्या, लहान आहे.

प्राध्यापक म्हणतील, सिलॅबस पूर्ण होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? त्यांचं ओझं खोटं नाही. एकेका बॅचला किती मुलं असतात ते आपण बघतोच. पण यात त्यांचाही फायदा आहे. आज जर्नल तपासणं म्हणजे एकच जर्नल साठ वेळा बघणं. आपण सगळे एकमेकांचं उतरवतो, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे आपल्याला माहीत आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, म्हणून ते उतरवता येतं. एरर मात्र ज्याच्या त्याच्या मशिनची असते. कुणाचं हेडर हरवतं, कुणाची मेमरी संपते, कुणाचा कंपायलर नवा असतो. ती शेजाऱ्याची उतरवली तर दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाल. प्रामाणिक जर्नल हवं असेल तर चूक लिहायला सांगण्याइतका सोपा उपाय नाही.

आणि पुढच्या वर्षी ज्युनियर येतील तेव्हा त्यांच्या हातात नुसत्या तीन कमांडची पीडीएफ नसेल. ‘इथे असं अडलं होतं, कारण हे निघालं’ असं लिहिलेली साठ जर्नल्स असतील. कुठल्याही विभागाला यापेक्षा चांगलं मॅन्युअल फुकटात मिळणार नाही.

नियम बदलायला वेळ लागेल. बोर्ड ऑफ स्टडीजची मीटिंग होईल तेव्हा होईल. पण वही तुमची आहे आणि पेनही तुमचंच आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला प्रोग्राम अडला की शेजारच्याच्या स्क्रीनकडे वळायच्या आधी वर स्क्रोल करा, पहिली एरर शोधा, उतरवून घ्या. मग सरांकडे, मॅडमकडे जा आणि विचारा, ‘हे पान जर्नलमध्ये लावलं तर चालेल का?’ फार तर नाही म्हणतील. पण वर्गातल्या दहा जणांनी एकाच दिवशी विचारलं, तर नाही म्हणणं अवघड जाईल.